भिंतीला दिलेलं उत्तर

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी एवढंच सांगेन, की यातला एकही शब्द पदरचा नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे काका. दोघंही धडधाकट आहेत.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपारची आहे. सव्वातीनची.

आत्या चौतीस वर्षं हॉस्पिटलात नर्स होती. शेवटची अकरा वर्षं पुरुषांच्या वॉर्डची इन्चार्ज. तिचा आवाज चढला की पाय मोडलेले पेशंटही उठून बसायचे, असं काका सांगतात. काका लिफ्टचे मेकॅनिक. कुठे लिफ्ट बंद पडली, आत माणसं अडकली, की फोन काकांना. ते आत्याला घरातही ‘सिस्टर’च म्हणतात. नवरा बायकोला सिस्टर म्हणतो, म्हणून आम्ही मुलं हसून हसून लोळायचो.

दोघांनाही नोकरीभर एक सुट्टी धड मिळाली नाही. तिची रजा मंजूर झाली की काकांची कुठेतरी लिफ्ट अडकायची. म्हणून रिटायर झाल्यावर आत्याने गेल्या वर्षी एकवीस दिवसांची सहल ठरवली. आधी क्रूझ, मग एक जुनं तटबंदीचं शहर, आणि शेवटी थीम पार्क.

“या वयात थीम पार्क?” त्यांच्या मुलीने विचारलं.

“मग कुठल्या वयात?” आत्या म्हणाली.

जहाजावर त्यांची केबिन अगदी खालच्या मजल्यावर, टोकाची होती. खिडकी नाही. दोन पलंग, एक आरसा, एक कपाट. तिसऱ्या दिवशी दोघं जेवून आडवी झाली होती. इंजिनाची घरघर अंगाखाली जाणवत होती.

आणि काकांच्या उशाच्या भिंतीवर…

टक. टक. टक.

काकांनी डोळेही उघडले नाहीत. हात वर केला आणि बोटांच्या पेरांनी भिंतीवर तीनदा ठोकलं.

“हे काय?” आत्याने विचारलं.

“सवय गं. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस असाच ठोकतो. आपण बाहेरून उत्तर द्यायचं. मग त्याला धीर येतो, की आलंय कोणीतरी.”

“शेजारी लहान मूल असेल. उगाच त्याला चाळा लावू नका.”

तेवढ्यात…

टक. टक. टक.

या वेळी आणखी जवळून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच्या पुढच्या दिवशीही. बरोबर सव्वातीनला. मग आत्याने केबिन आवरायला येणाऱ्या बाईला सांगितलं, “शेजारच्यांना जरा सांगा हो. दुपारची झोप होत नाही.”

“कुठले शेजारी?”

“या भिंतीपलीकडचे.”

ती बाई हसली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं.

“भिंतीपलीकडे केबिन नाही, बाई. जहाजाचा पत्रा आहे. आणि त्याच्यापलीकडे… पाणी.”

हातातला टॉवेल अर्धवट घडीचा तसाच पलंगावर टाकून ती निघून गेली.

काका म्हणाले, “पत्रा तापतो, निवतो. वाजणारच.” पण म्हणताना ते भिंतीकडेच बघत होते.

“आता उत्तर देऊ नका,” आत्याने बजावलं.

“आणि खरंच कोणी असलं तर?”

चाळीस वर्षं या माणसाने अडकलेल्यांना बाहेर काढलं होतं. ठोका ऐकून गप्प बसणं त्याच्या हाडातच नव्हतं.

पुढचा मुक्काम जुन्या शहरात. दगडी गल्ल्या, बुरूज, पायऱ्या झिजलेल्या. हॉटेल दगडीच, खोली तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात. भिंती हातभर जाड. सकाळभर दोघं तटावरून हिंडली. फोटो काढले. आत्याला वाटलं, समुद्राचं ते समुद्रातच राहिलं.

सव्वातीन वाजले.

टक… टक… टक.

आत्या ताडकन उठली. खिडकी उघडून कमरेपर्यंत बाहेर वाकली. बाहेर सपाट भिंत. पाय टेकायला जागा नाही. खाली चौकात ऊन, माणसं, आइस्क्रीमची गाडी.

ती वळली.

काका भिंतीला कपाळ टेकवून उभे होते.

“दमलाय तो, सिस्टर,” ते हळू आवाजात म्हणाले. “ठोका हलका झालाय. फार वेळ उरला नाही त्याच्याकडे.”

आत्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती कबूल करते. पण आत्याला भीती वाटली की तिला राग येतो. भीती मागे राहते आणि राग पुढे जातो.

तिने काकांना बाजूला केलं. भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि वॉर्डातला आवाज लावला.

“भेटायची वेळ संपली! चला, बाहेर व्हा. पेशंटला आराम करू द्या.”

खोलीत शांतता.

पुढचे दोन दिवस काही म्हणजे काही वाजलं नाही.

तरी काकांनी जेवण टाकलं होतं. सव्वातीन जवळ आले की ते बोलणं मध्येच थांबवून कान टवकारायचे. मुलीचा फोन आला. आत्याने सगळं सांगितलं. मुलगी रडकुंडीला आली. “आई, पुरे झालं. परत या.”

“चौतीस वर्षं ड्युटीच्या वेळापत्रकाने जगले,” आत्या म्हणाली. “आता एका भिंतीच्या वेळापत्रकाने जगू होय? आम्ही थीम पार्कला जाणार. आणि दुपारीच जाणार.”

गेले.

डोंगराची राइड होती. खोटा डोंगर, आत काळोखा बोगदा, दोन-दोन माणसांच्या छोट्या गाड्या. रांगेत पुढे मागे सगळी कॉलेजची मुलं. आत्या डावीकडे बसली, काका उजवीकडे. मांडीवर लोखंडी दांडा खट्कन बसला. गाडी सुटली. वळण, उतार, वळण… पोरांच्या किंकाळ्या, त्यात आत्याचीही एक. काका कितीतरी दिवसांनी हसले.

आणि गाडी थांबली.

बोगद्याच्या मधोमध.

दिवे गेले. संगीत थांबलं. पुढच्या गाडीतली पोरं ओरडत होती, तो आवाजही… थांबला. कोणी तोंड दाबावं तसा.

काकांच्या उजव्या हाताला, भिंतीत, एक लहान लोखंडी दार होतं. अंधारातही त्याची कड दिसत होती.

टक.

टक.

टक.

खट्… मांडीवरचा दांडा आपोआप वर गेला.

“आलो, आलो,” काका म्हणाले. आणि उठले.

आत्याने दोन्ही हातांनी त्यांची कॉलर धरली. पाय पुढच्या पत्र्याला रोवले.

“सोड, सिस्टर. आत माणूस आहे.”

“असेल. माझा माणूस मात्र इथे आहे.”

काका ओढत होते. नाही… आत्या म्हणते, ते ओढत नव्हते. ते ओढले जात होते. शिलाई उसवल्याचा आवाज आला. आत्याची नखं तिच्याच तळव्यात रुतली.

मग ती त्या दाराकडे बघून ओरडली.

“याने जन्मभर लोकांना बाहेर काढलंय! जेवणावरून उठून गेलाय, पोरीच्या वाढदिवसातून उठून गेलाय! झाली त्याची ड्युटी. रिटायर झालाय तो! आता तो माझ्या वाटणीचा आहे. सोड त्याला!”

क्षणभर काहीच नाही.

मग दाराच्या पलीकडून… कोणीतरी दीर्घ श्वास सोडल्यासारखं झालं.

गाडीला हिसका बसला. दांडा खाली आला. पुढच्याच वळणाला लख्ख ऊन.

आत्याने उतरल्या उतरल्या राइड चालवणाऱ्या माणसाला फैलावर घेतलं. “मध्येच गाडी थांबते, दांडा उघडतो, म्हणजे काय?”

तो गोंधळला. “थांबली? नाही बाई. पावणेदोन मिनिटांची फेरी आहे. तुम्ही वेळेतच आलात. आणि दार कुठलं म्हणता? आत दार नाहीच.”

अशा राइडमध्ये आपोआप फोटो निघतात, बाहेर पडद्यावर दिसतात. यांचाही होता. आत्या दात-ओठ खाऊन काकांची कॉलर धरून बसलेली. काका उजवीकडे कलंडलेले, हात लांब झालेला. शर्टाची बाही मनगटापाशी कोणीतरी मुठीत धरून ताणावी तशी ताणलेली…

आणि पुढे कोणीच नाही.

दुसऱ्या कोणी तो फोटो तिथेच सोडून पळ काढला असता. आत्याने विकत घेतला, फ्रेम केला आणि दिवाणखान्यात लावला. “येऊ दे पुन्हा. बघते,” असं वर म्हणते. त्यानंतर ती दोघं आणखी दोनदा फिरून आली. ठोका परत आला नाही.

इथवर आत्याने सांगितलं. पुढचं काकांनी, मागच्या महिन्यात, आत्या बाजारात गेली असताना.

मी सहज विचारलं होतं, “काका, तुम्ही मोठे माणूस, असे कसे उठून निघालात?”

त्यांनी आधी दाराकडे बघून घेतलं.

“नुसता ठोका असता तर उठलो नसतो गं,” ते म्हणाले. “त्या दिवशी आतून हाक आली. ‘अहो, मी आत अडकलेय. माझ्याऐवजी ही कोण बसलीये तुमच्याशेजारी?’… आवाज तुझ्या आत्याचा होता. अगदी तिचाच.”

“मग… मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? एक बोलवत होती, एक धरून बसली होती.” काकांनी फोटोकडे पाहिलं. त्यांचा आवाज जराही हलला नाही. “जिनं धरून ठेवलं, ती माझी बायको. संपला विषय. पुन्हा विचारायचं नाही. तिला तर मुळीच नाही.”

तेवढ्यात आत्या आली. पिशव्या ठेवल्या, माझ्या पाठीत नेहमीसारखा धपाटा घातला, पुढच्या सहलीची तारीख सांगितली. सगळं तसंच. तोच आवाज, तोच दरारा.

मी अजूनही त्यांच्याकडे जाते. फक्त आता, तिचं लक्ष नसताना, मी तिच्याकडे जरा निरखून बघते.

आणि दर वेळी… ती आधीच माझ्याकडे बघत असते.