कोऱ्या कार्डावरचं अक्षर

ही गोष्ट भरदिवसाची, चांगली दुपारी तीनची. तरीही सिस्टर ती सांगायला बसली की आधी खोलीतले सगळे दिवे लावून घेते.

त्या दुपारी रुग्णवाहिका ऑक्सिजनची नळकांडी भरून परत येत होती. घाटात धुकं असं उतरलं होतं, की गाडी चालवणारे मामा काचेला नाक लावून बसले होते. मागे सिस्टर डुलक्या घेत होती. एका वळणावर मामांनी करकचून ब्रेक मारला. समोर एक मोटार झाडावर आदळलेली. आत साठीचे एक गृहस्थ, एकटेच. पाय मोडलेला, शुद्ध जेमतेम.

मोटारीच्या मागच्या काचेवर एक हिरवा गोल चिकटवलेला होता. सिस्टर त्याला टिकली म्हणायची. टिकली दिसली की समजायचं, पुढच्या कप्प्यात कार्ड आहे आणि त्यावर गाडी चालवणाऱ्याचे आजार, औषधं, घरचा फोन सगळं लिहिलेलं आहे. वाहतूक कार्यालयानं दोनच महिन्यांपूर्वी ती कार्डं घरोघरी पाठवली होती. लोक टिकली हौसेनं लावत आणि कार्ड भरायचा मात्र आळस करत. त्यावरून सिस्टरचं डोकं फिरायचं.

तिनं कप्पा उघडला. कार्ड होतं. कोरं करकरीत.

"बघा मामा! नुसती टिकली लावून मोकळे!"

"रागवा नंतर, ताई. आधी यांना उचलू."

सिस्टरनं कार्ड खिशात कोंबलं. दोघांनी मिळून गृहस्थांना आत घेतलं आणि गाडी निघाली. दवाखाना पाऊण तासावर, घाटात फोन लागत नव्हता. गृहस्थ विव्हळत होते, बोलणं काही उमटत नव्हतं. पायाचं दुखणं बघवेना, म्हणून सिस्टरनं वेदना थांबवायचं इंजेक्शन भरायला घेतलं.

तेवढ्यात आवाज आला. खर्र... खर्र... कागदावर टाक घासावा तसा, अगदी बारीक. आवाज तिच्याच खिशातून येत होता.

पाठोपाठ वास आला. दौतीतल्या निळ्या शाईचा. गाडीत स्पिरिटखेरीज दुसरा वास कधी टिकत नसे.

तिनं कार्ड बाहेर काढलं. पहिला रकाना भरलेला होता. गोल, नेटकं, बाईमाणसाचं अक्षर. 'दुखण्यावरचं इंजेक्शन देऊ नका. घसा सुजून श्वास बंद होतो. एकदा मरता मरता वाचलेत.'

तिच्या अंगठ्याला ओली शाई लागली. सुई तिनं कशीबशी खाली ठेवली.

"मामा... मागे माझ्याशिवाय कोणी आहे का हो?"

"तुम्ही आणि पेशंट. का?"

जन्मभराची सवय. रोग्याजवळ बसलं की हा प्रश्न तोंडून आपोआप निघायचाच, तसा तो निघाला. "शेवटचं कधी खाल्लंय..."

खर्र... खर्र... तिच्या डोळ्यांदेखत अक्षरं उमटत गेली. 'सकाळी एक केळं. जेवले नाहीत. साखरेवरची गोळी मात्र घेतली. कितीदा सांगितलं!'

सिस्टरनं त्यांच्या बोटाला सुई टोचून साखर तपासली. पार तळाला गेली होती. घाईघाईनं तिनं ग्लुकोज सुरू केलं आणि देवाचं नाव घेत बसली. घाट संपता संपता गृहस्थांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

"ते इंजेक्शन दिलं असतंत, तर हे इथवर पोचलेच नसते," शुद्धीवर आलेल्या गृहस्थांना विचारून दवाखान्यात डॉक्टर म्हणाले.

कार्डावर मागाहून उमटलेल्या घरच्या नंबरावर फोन केला होता, त्यामुळे गृहस्थांची लेक धावतपळत आली. वडील शुद्धीवर आहेत हे पाहून ती तिथंच बाकावर बसून रडली. मग सिस्टरनं दाखवलेलं कार्ड हातात घेतलं आणि तिचा चेहरा बदलला.

"हे आईचं अक्षर आहे."

"मग त्यांनाही बोलवा ना."

"आईला जाऊन चार वर्षं झाली, सिस्टर." लेक डोळे पुसत हसायला लागली. "बाबा सही सोडून काही लिहायचे नाहीत. सगळे फॉर्म आईच भरायची. अजून तिला चैन नाही बघा!"

सिस्टरलाही हसू आलं. इतका वेळ छातीवर ठेवलेला दगड उतरला. जिनं माणूस वाचवला तिची भीती काय बाळगायची, असं तिनं स्वतःला बजावलं.

"मी पटकन घरी जाऊन बाबांचे कपडे आणते," म्हणत लेकीनं आपल्या मोटारीची किल्ली काढली.

खर्र...

लेकीच्या हातातलं कार्ड हललं. तिनं ते उलटं केलं. मागची बाजू घरातल्या दुसऱ्या चालकासाठी होती. तिथं नावाच्या रकान्यात तिचं स्वतःचं नाव होतं, खाली रक्तगट. त्याखाली लिहिलं होतं, 'तिसरा महिना लागलाय. जपून हाताळा.'

"हे... हे तर मी अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही," ती पुटपुटली. दुसरा हात आपसूक पोटावर गेला. "आईला कळलं..." तिला आनंदानं भरून आलं होतं.

सिस्टरचं लक्ष मात्र शेवटच्या रकान्याकडे होतं. अपघाताचं ठिकाण, मदतीला आलेल्यांनी भरायचं. तिथली शाई अजून सरकत होती. 'घरी जाताना, पुलाच्या अली...'

तिनं झडप घालून लेकीच्या मुठीतली किल्ली हिसकावली.

"कपडे मामा आणतील. तुम्ही इथून हलायचं नाही!"

आवाज थांबला. कितीतरी वेळ दोघी कार्डाकडे बघत उभ्या राहिल्या. तो शब्द पुढे पुरा झाला नाही.