माया सोडून

त्या दोघांची पहिली भेट झाली तेव्हा तिच्या तोंडात सात टाचण्या होत्या.

शिवणकाम करणाऱ्या बाईला तोंड बोलण्यापेक्षा टाचण्या धरायलाच जास्त लागतं. ती पुतळ्यावर कोटाची पाठ टाचत होती, तेवढ्यात दुकानाच्या दारात एक उंच माणूस येऊन उभा राहिला. कानावर पेन्सिल, केसांत लाकडाचा भुसा, आणि सदऱ्याच्या खिशातून डोकं बाहेर काढून ऐटीत इकडेतिकडे बघणारं कोंबडीचं एक पिवळं पिल्लू.

"हे तुमचंच ना?" त्यानं विचारलं. "माझ्या हत्यारांच्या पिशवीत येऊन बसलं होतं. थेट करवतीच्या शेजारी."

तिनं मान हलवली.

"चुकून आलं, की रुसून निघून आलं?"

तिनं खांदे उडवले.

"तुम्ही बोलत नाही का?... की माझ्याशीच नाही?"

आता मात्र तिला हसू फुटलं, आणि तोंडात टाचण्या असताना हसणं म्हणजे जिवाशी खेळ. तिनं त्या घाईघाईनं ओंजळीत काढल्या, पण तिच्याआधी आतून तिची आत्याच बोलली. "टाचण्या नसल्या तरी ती एवढंच बोलते रे बाबा. सवय करून घे."

पिल्लं आत्याची. घरात दोनच माणसं, आत्या आणि भाची, आणि दोघी सारख्याच हट्टी. मधे बोलायला तिसरं कुणीतरी हवं म्हणून आत्यानं एकदम अकरा जण आणले होते. कापडाचे तागे ज्या खोक्यातून यायचे त्या खोक्यात ते राहत, वर एक दिवा टांगलेला. पहिल्या आठवड्यात खोकं प्रशस्त वाटत होतं. आता तीन आठवड्यांची झालेली ती मंडळी त्यात दाटीवाटीनं उभी असायची.

तो उकिडवा बसला आणि खोक्यात बघत राहिला. कोपऱ्यात एक पिल्लू अंग चोरून उभं होतं, पाठीवरची पिसं उपटलेली.

"दाटी झालीय यांची," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला होता. "जागा कमी पडली की हे एकमेकांना टोचायला लागतात. आणि एकाला टोचलं की सगळे त्यालाच टोचतात. खुराडं नाही केलं?"

"सुतार नाही मिळाला," आत्या म्हणाली. "कानावर पेन्सिल असलेला कुणी दिसला तर सांग हो."

अशा रीतीनं काम ठरलं. तो समोरच्या शाळेत कपाटं बसवायला आला होता. ते काम महिनाअखेर संपणार, मग तो लांबच्या गावी जाणार. तिथल्या मोठ्या कारखान्यात तीन वर्षांची नोकरी ठरली होती. हे त्यानं सहज सांगितलं. तिनंही सहज ऐकलं... निदान तिला तसं वाटलं. पण संध्याकाळी कात्री चालवताना लक्षात आलं, की आपण महिनाअखेरीचे दिवस मोजतोय.

खुराड्याचं माप तिनं चिठ्ठीवर लिहून दिलं. लांबी, रुंदी, उंची, आणि खाली सवयीनं दोन शब्द — माया सोडून. शिवणीत आत दुमडून ठेवतात त्या जास्तीच्या कापडाला तिच्या धंद्यात माया म्हणतात. अंग वाढलं की शिवण उसवायची आणि तेवढं कापड बाहेर काढायचं. हे माप नेमकं आहे, माया तुम्ही वेगळी धरा, एवढाच त्याचा अर्थ. आपण चिठ्ठी शिंप्याला नाही, सुताराला देतोय, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

लाकूड ओलं निघालं, म्हणून त्यानं फळ्या दुकानाबाहेर उन्हात उभ्या केल्या. "वाळायला दहाबारा दिवस लागतील," तो म्हणाला. पण पिल्लं थोडीच थांबणार? ती तर सकाळी बघावी तर रात्रीपेक्षा मोठी. मग दुपारच्या सुट्टीत तो दुसरं खोकं घेऊन आला. दोन्ही खोक्यांना समोरासमोर भोकं पाडली, पण मधे फट राहत होती. ती उठली, जुन्या कोटाची एक बाही कापून आणली आणि म्हणाली, "ही चालेल?"

त्यानं बाही एका भोकातून आत सारली, तिनं दुसऱ्या बाजूनं ओढली. आत, त्या अस्तराच्या अंधारात, दोघांची बोटं एकमेकांना लागली. कुणीच हात काढला नाही. बाही नीट बसली की नाही हे बघायला खरं तर एवढा वेळ लागत नाही.

"बसली," ती शेवटी म्हणाली.

"हो... बसली."

मग एक पिल्लू धीटपणे बाहीत शिरलं आणि पलीकडून बाहेर पडलं. त्याच्यामागून सगळी वरात निघाली. आत्याला हसून हसून पुरेवाट झाली.

चार दिवसांनी दोन खोकीही पुरेनात. तेव्हा कपडे घालून बघायची पडद्यामागची जागा पिल्लांना देऊन टाकली. खाली रंध्याचा भुसा पसरला, भिंतीशी बसायला एक दांडी लावली, वर जुनी मच्छरदाणी, कारण मंडळी आता उडायला शिकली होती. गिऱ्हाइकं कुरकुरली. एका बाईंनी तर नवा झगा घालून बघायला पडदा सरकवला आणि जी किंकाळी फोडली, ती शाळेपर्यंत ऐकू गेली. तो रंधा हातात घेऊनच धावत आला.

तो रोज यायचा. दिवा वीतभर वर बांधायचा. "पिसं येताहेत. आता ऊब कमी आणि जागा जास्त."

"हे सगळ्यांनाच लागू?" तिनं खडूनं रेघ मारता मारता विचारलं.

"पिल्लांना. माणसांचं मला कळत नाही." मग दिव्याची गाठ आवळत तो म्हणाला, "माणसांना बहुतेक... ऊबसुद्धा लागते."

तिनं पटकन तोंडात टाचण्या धरल्या.

त्या टोचलेल्या पिल्लाला मात्र ती दिवसभर स्वतःजवळ ठेवायची, शिलाई यंत्राशेजारच्या टोपलीत. ते पाहून तो एकदा म्हणाला, "मायेचं मी वेगळं बघतोय हं. काळजी करू नका." काय सुतार आहे हा, तिला वाटलं, चिठ्ठीतला शब्दसुद्धा किती नीट ध्यानात ठेवलाय! आणि त्या कौतुकात ती दोन तास खुशीत होती.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला आणि खुराडं आलं. हातगाडीवरून, शाळेच्या पोरांच्या घोळक्यात. रंधून गुळगुळीत केलेल्या फळ्या, जाळीचं दार, पितळी कडी. तिनं कडी एकदा लावून, उघडून बघितली. इतके दिवस खुराडं पुरं होऊ नये असंच आपल्याला वाटत होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. तोंडात टाचण्या होत्या, हे बरंच झालं.

गाडीवरून त्यानं आणखी एक वस्तू उतरवली. छोटंसं, हातभर लांबीचं घर. त्याच्या दारावर पटाशीनं कोरलं होतं — माया.

"हे काय?" आत्यानं विचारलं.

"यांच्या लाडक्या पिल्लाचं," तो म्हणाला. "चिठ्ठीत लिहिलं होतं ना, माया सोडून. म्हणून मोठं दहा जणांच्या हिशेबानं केलं, आणि मायेला हे वेगळं. इतर टोचतात ना तिला."

ती टाचण्या सांभाळत खाली बसून इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं. माया म्हणजे काय ते आत्यानंच त्याला समजावून सांगितलं, कोटाची शिवण उलटून दाखवत. "हे बघ. हे आतलं. वरून दिसत नाही. पण अंग वाढलं की हेच कामाला येतं. माया सोडून म्हणजे हे वगळून. माया धरून म्हणजे यासकट."

त्याचे कान लाल झाले. एकाच कानावर पेन्सिल होती, त्यामुळे दुसऱ्याला तर लपायलाही काही नव्हतं.

पिल्लं आत सोडली. दहा जण दांडीवर ओळीनं बसले आणि दांडी भरली. अकरावं छोट्या घरात ठेवलं, तर त्यानं जाळीला चोच लावून असा आकांत मांडला की बघवेना. त्याच्या पाठीवर आता नवी पिसं आली होती. त्याला कुणी टोचत नव्हतं. त्याला फक्त त्यांच्यात जायचं होतं.

"दोन्ही घरं जोडावी लागतील," तो हळूच म्हणाला. "एका दिवसाचं काम आहे. पण उद्या सकाळी माझी बस..."

आत्याला एकाएकी स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवलं आणि ती आत गेली.

तिनं तोंडातली एक टाचणी काढली आणि मनगटावरच्या उशीत खोचली. मग दुसरी. मग तिसरी. तो बघत होता. सातवी खोचून झाल्यावर तोंड रिकामं झालं, आणि आता काही सबब उरली नाही.

"जाऊ नका," ती म्हणाली.

"खुराड्यासाठी?"

"खुराडं मी बाहीनं जोडीन." तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं. "माझ्यासाठी."

त्यानं खुराड्याच्या फळीवरून बोट फिरवलं.

"लाकूड पंधरा दिवसांपूर्वीच वाळलं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे. रोज दुपारी हात लावून बघत होते मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात? तुमच्या तोंडात तर टाचण्याही नव्हत्या."

तो हसला. मग गंभीर झाला. "तिकडे तीन वर्षांचा शब्द दिलाय. रागावतील. इथं शाळेचं काम संपलं, पुढचं शोधावं लागेल. सोपं नाही."

"सोपं आहे असं मी म्हटलंच नाही."

त्यानं खिशातून ती चिठ्ठी काढली. महिनाभर घडी घालून घालून तिच्या कडा मऊ पडल्या होत्या. कानावरची पेन्सिल घेतली, चिठ्ठी खुराड्याच्या छपरावर ठेवली आणि शेवटच्या ओळीत काहीतरी खोडून लिहिलं. मग ती तिच्या हातात दिली आणि छोट्या घराचं दार उघडायला वाकला.

तिनं वाचलं. लांबी, रुंदी, उंची, सगळं जिथल्या तिथं होतं. खाली फक्त 'सोडून' खोडलेलं होतं, आणि सुताराच्या जाड पेन्सिलीनं शेजारी लिहिलं होतं — धरून.