उसनं वाक्य

तो शिडीवर होता आणि माझे हात माझ्या ताब्यात नव्हते... सगळा घोळ तिथेच झाला.

मी दुभाषी. मानसोपचाराच्या दवाखान्यात कर्णबधिर माणसं येतात, त्यांच्या खुणा मी डॉक्टरीणबाईंना बोलून दाखवते. त्या खोलीत ‘मी’ म्हणजे मी नसते. समोरचं माणूस ‘मी’ म्हणतं, तेच मी म्हणते. बाहेर त्यातलं अवाक्षर काढायचं नाही.

त्या दुपारी मात्र खोलीतल्या एका पेशंटचं वाक्य हातांतून जाईना. खिडकीशी उभी होते आणि बोटं आपोआप पुटपुटली – ‘जेवण झालं का, असं विचारणारं घरी कोणी नाही.’ खुणांमध्ये बाई-पुरुष कळत नाही. वाक्य कोणाचंही असू शकतं.

शिडीवरचा वायरमन दाराच्या बेलला जोडून लुकलुकणारे दिवे बसवत होता. स्वतः कर्णबधिर. त्याने ते वाचलं, खाली उतरला, भुवया उंचावून विचारलं, “जेवलीस?”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. माझं नाही म्हणावं, तर मग कोणाचं, हे आलंच. नाही अशी मान हलवली. तशी जेवलेही नव्हते.

मग रोज एक वाजता तोच प्रश्न – कधी शिडीवरून, कधी काचेपलीकडून. आज भाजी करपलेली दिसते, चेहराच सांगतोय, म्हणायचा. तुझे दिवे आधी नीट लाव, मी म्हणायचे. ही भाषा मला माझ्या कर्णबधिर दादाने शिकवली. तो लग्न करून दूर गेला आणि घरात माझे हात फक्त भांडी घासायला उरले. या माणसाशी बोलून मनगटं दुखायची. आवडायला लागला होता तो मला. आणि सगळं उसन्या वाक्यावर चाललेलं.

शुक्रवारी शेवटचा दिवा लागला. त्याने शिडी मिटली. आता उद्यापासून कोण विचारणार?

“ते वाक्य...” मी सुरुवात केली.

त्याने हात वर करून मला थांबवलं. “तू कुठल्या खोलीतून येतेस ते दुसऱ्याच दिवशी कळलं. कोणाचं, ते विचारणार नाही.”

“मग रोज मला का विचारलंस?”

“तू रोज उत्तर देत होतीस म्हणून.”

मी बोट छातीवर टेकवलं. “मी...” म्हटलं आणि सवयीने बाजूला पाहिलं, हे कोण म्हणतंय. बाजूला कोणी नव्हतं. “मला विचारत जा. हे वाक्य माझं आहे.”

तो दाराबाहेर गेला. बेल दाबली. माझ्या डोक्यावरचा दिवा दोनदा लुकलुकला. मी दार उघडलं.

“जेवलीस?”

“नाही. तू?”

पाच दिवसांत मला हे सुचलंच नव्हतं. त्याचे हात वर आले आणि तसेच राहिले. त्यालाही बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं.