जरा बाजूला बघ

शेकोटीजवळ सरका, पोरांनो. नाका तारा बघायला डोंगरावर निघालात, तर मोखेथीचं काय झालं ते ऐकून जा. तो माझा शेजारी. मला त्यानंच सांगितलं.

गेल्या साली मे महिन्यातल्या शेवटच्या शुक्रवारी मुखियांनी त्याला रात्री वर पाठवलं. नाका, म्हणजे अगस्तीचा तारा, काही दिवस दिसेनासा होतो आणि थंडीच्या तोंडावर, म्हणजे आपल्या दक्षिणेकडच्या मुलखात मे-जूनला, पहाटे आग्नेयेला परत उगवतो. पहिला जो बघेल त्याला कालवड. आदल्या साली ती मोखेथीनंच नेली होती. "तुझी नजर चांगली," मुखिया म्हणाले. नाही कसं म्हणणार?

त्याला आकाश शिकवलं सेबोलाईनं. मोखेथी त्याला अबुती म्हणायचा, थोरला भाऊ. दोघांत एक जुनी दुर्बीण. सेबोलाई ओरडायचा, "अंधुक ताऱ्याकडे थेट काय बघतोस, बैला? जरा बाजूला बघ, मग दिसतो."

त्या आदल्या साली तारा खरा दिसला सेबोलाईला. आनंदानं उठला, कड्यावरून घसरला. मांडी मोडली.

"माणसं घेऊन ये," तो खालून म्हणाला. "आणि सांग, मी पाहिला."

"आलोच, अबुती."

मोखेथी गावात आला आणि म्हणाला, मी पाहिला. कालवड घेतली. बिअर प्याला. अबुती कुठंय विचारलं, तर म्हणाला, मागून येतोय. उन्हं वर आल्यावर आम्ही शोधायला गेलो. थंडीनं लाकूड झालं होतं त्याचं. "मी निघाल्यावर पडला असेल," म्हणून मोखेथी रडला. आम्ही मानलं.

तर गेल्या साली तो एकटाच वर. घोंगडी अंथरून पडला, दुर्बीण आग्नेयेला. वारा नाही. क्षितिजावर काहीतरी अंधुक लुकलुकलं. तो टक लावून बघू लागला. दिसेना.

"थेट बघू नको."

अगदी कानाशी.

मोखेथी हलला नाही.

"जरा बाजूला बघ..."

गार बोटं हनुवटीला लागली. बोटांनी त्याची मान वळवली. हळू.

शेजारी सेबोलाई पडला होता. तोंड याच्याकडे.

"दिसला?"

मोखेथी मागे सरकू लागला.

"जा आता. माणसं घेऊन ये." मग हसला. "मी थांबतो."

मोखेथीनं डोळे मिटले. उघडले तर आभाळ कोरं. एकही तारा नाही. त्या रात्री आभाळ इतकं भरलेलं होतं, मी अंगणातून बघत होतो. तो चाचपडत, रांगत खाली आला आणि माझ्या दारात घडलेलं सगळं खरं ओकला. तेव्हापासून त्याला चंद्र दिसतो, दिवे दिसतात, माणसं दिसतात. तारा एकही दिसत नाही.

उजाडताच त्याची घोंगडी आणायला मी वर गेलो. सगळं गवत दहिवरानं पांढरं. घोंगडी उचलली, खाली तेवढं कोरडं. त्याला लागूनच माणसाएवढी दुसरी कोरडी जागा. तिथं कुणी घोंगडी टाकली नव्हती.

मी खाली वाकून हात लावला.

गवत कोमट होतं.