काचेपलीकडचा सुतार

“जरा डोकं बाजूला घेता का? तुमचं नाक माझ्या आडव्या दांडीत येतंय.”

त्याच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. कुणाला सांगायचीही सोय नाही! काच लाकडी घोडीवर उभी होती, मी मागून तिच्यावर क्रूस रेखत होते आणि पुढून एक अनोळखी चेहरा नेमका त्या क्रुसात येऊन थांबला होता. कानावर पेन्सिल, भुवईवर लाकडाचा भुसा.

“नाकाचा इलाज नाही,” तो शांतपणे म्हणाला. “मी सुतार. चौकटींची मापं घ्यायला आलोय.”

मामाचा काचा रंगवायचा कारखाना. एका नव्या प्रार्थनाघराच्या पाच खिडक्या आमच्याकडे आल्या होत्या, प्रत्येकीवर वेगळा क्रूस, आणि मामाने पहिल्यांदाच अख्खं काम माझ्यावर सोपवलं होतं. मी हवेतच होते.

मापं घ्यायला एक सकाळ पुरते. पण सुतारबुवांचं रोज काहीतरी राहून जायचं. आज काचेची जाडी, उद्या कोपरा... आणि रोज एक प्रश्न.

“हा चारी हात सारखे असलेला?”

“चार दिशांसाठी. सगळ्यांना सारखाच.”

“हा खाली जहाजाच्या नांगरासारखा?”

“आशा. वादळात जहाज धरून ठेवतो ना, तसा.”

“आणि हा... मधे वर्तुळ असलेला?”

“ज्याला शेवट नाही, ते.”

“म्हणजे काय काय?” त्याने विचारलं, आणि काचेतून सरळ माझ्याकडे बघितलं. माझा ब्रश वर्तुळाबाहेर गेला. तो पुसायचं फडकं घेऊन आला. फडकं देताना बोटाला बोट लागलं आणि त्या दिवशी माझं काम काही धड झालं नाही.

बघता बघता पाचव्या काचेचा दिवस उजाडला. ती चौकटीत बसली की सुतार मोकळा, पुन्हा इकडे फिरकायचं कारण नाही. आणि हा बाबा तर मूग गिळून बसलेला! डोळ्यांनी एवढं बोलणारा माणूस तोंडाने एक शब्द बोलेना. माझा जीव टांगणीला लागला होता. आज बोलला नाही तर संपलं, एवढंच डोक्यात.

त्याने काच बसवली. वेळ काढायचा म्हणून मीच सांगत सुटले, “याला खाली तिरकी फळी आहे, पाय टेकवायची. येशूच्या दोन्ही बाजूंना एकेक चोर होता. एकाने क्षमा मागितली, म्हणून त्याच्या बाजूचं टोक वर. आपण समोरून बघताना डावीकडचं.”

तो समोरूनच बघत होता. “पण... इथून तर उजवीकडचं वर आहे.”

मी धावत पुढच्या बाजूला आले. खरंच! आम्ही काच मागून रंगवतो, बघणारा पुढून बघतो, तेव्हा सगळं उलटं काढायचं असतं. बाकीचे चारही क्रूस डावी-उजवीकडे सारखेच, त्यामुळे माझ्या हाताला ते भानच राहिलं नव्हतं. ही एकच फळी तिरकी, आणि नेमकी तीच चुकली.

मी रडकुंडीला आले. वर बघते तर हा हसतोय.

“माझं नाक कापलं गेलं आणि तुम्हाला हसू येतंय?”

“हसत नाही हो... म्हणजे हसतोय.” तो लाल झाला. “काच पुन्हा रंगवायची, तर चौकट खोलायला लागणार. उद्या मला यावंच लागेल. परवाही. बिचाऱ्या चौकटीसाठी.”

रागावू की नाचू, कळेना. तेवढ्यात मामा आत आला. मी एका दमात चूक सांगून टाकली.

मामाने चष्मा लावून बघितलं. “रंग कच्चा आहे तोवर पूस, आणि पुन्हा काढ. चुकलं ते तुझं तुला कळलं, बास.” मग त्याची नजर सुताराकडे वळली. “आणि चौकट कशाला खोलताय? चार खिळे काढले की काच हातात येते. पोरगी एकटी करेल. तुम्ही उद्या कशासाठी येणार म्हणालात?”

सुताराने कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा लावली. माझ्याकडे बघितलं. या वेळी मधे काच नव्हती.

“यांच्यासाठी,” तो म्हणाला. “मापं पहिल्याच दिवशी झाली होती. रोज यांच्यासाठीच येत होतो. मला या आवडतात... फार आवडतात.”

मामा खोकला. एकदा माझ्याकडे बघितलं, माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलंच असणार, आणि ‘टर्पेंटाइन कुठे ठेवलंय कोण जाणे’ असं पुटपुटत तो आतल्या खोलीत गेला. रंग पुसायच्या टर्पेंटाइनची बाटली टेबलावर आमच्या समोरच होती.

गाल दुखेपर्यंत मी हसत होते. “मग एवढे दिवस बोलला का नाहीस?”

“तू नाही म्हणाली असतीस तर यायचंच बंद झालं असतं.”

“उद्या ये,” मी म्हणाले. “परवाही ये. कारण शोधू नकोस.”

भुवईवरच्या भुशासकट तो नुसता हसत उभा राहिला.