प्रसंगाची व्याख्या

"सर, व्याख्या द्या. सांधक थांबलाय," डॉ. मृणाल वझलवार म्हणाल्या.

नागपूरच्या त्या प्रयोगशाळेतला स्मृतिसांधक मेंदूच्या आघातानंतर विखुरलेल्या आठवणी पुन्हा जोडत असे. जोडणी एकदाच करता येई, आणि पुढच्या आठवणीही त्याच नियमाने साठत. यंत्राला फक्त एक सांगावं लागे: प्रसंग म्हणजे काय?

कथाशास्त्राचे प्राध्यापक श्रीरंग टिळेकर हसले. "या शब्दावर आमच्यात अजून भांडणं चालू आहेत. वर्गात मोघम चालून जातं."

"यंत्राला नाही चालत."

"मग लिहा. ज्याने स्थिती बदलते, तो प्रसंग. बाकी सगळं वर्णन. ते गाळलं तरी कथा कळते."

मृणालनी लिहिलं.

पलंगावर भास्करराव पेंढारकर होते, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आघातापासून ते आपल्या पत्नीला 'बाई' म्हणत. "मला ओळखलं की झालं," एवढंच कुमुदताईंचं मागणं होतं.

जोडणी झाली. भास्कररावांनी डोळे उघडले. वडिलांचं जाणं, बदल्या, लग्नातला गोंधळ, सगळं त्यांनी घडाघडा सांगितलं. मग म्हणाले, "कुमुद."

ताईंनी डोळे पुसले.

"लग्नानंतर तू माहेरी निघून गेली होतीस का गं?"

"नाही हो! असं काय विचारता?"

"पुढे तू मला कुठेच दिसत नाहीस."

मृणालनी हलकेच विचारलं, "ताई, तुमच्यात कधी वाद, अबोला?"

"छे! संध्याकाळी ओट्यावर बसायचं, भाजी निवडत गप्पा मारायच्या. काही घडलंच नाही कधी. फार सुखाचं गेलं."

टिळेकरांनी चष्मा काढला. "ते सगळं यंत्राने वर्णन म्हणून गाळलं. चूक माझी आहे, ताई. आणि यापुढेही शांत गेलेला दिवस त्यांच्या लक्षात राहणार नाही."

कुमुदताईंनी पदर खोचला.

"अहो, एक सांगू? तुमची ही मिशी मला कधीच आवडली नाही."

भास्करराव ताडकन उठून बसले. "काय?"

"झाडूसारखी दिसते. उद्या काढून टाका."

"मिशीला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो!"

सांधकाच्या पडद्यावर पहिला नवा प्रसंग उमटला. कुमुदताईंनी तो पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच नवऱ्यावर आवाज चढवला.