यादीतला लटारू

रिना हे काम अर्ध्या तासाचं समजून आली होती. जंगलातल्या त्या छोट्या दवाखान्यात आज सकाळीच नवा कम्प्युटर खोक्यातून काढला होता. त्यावर कंटेनर चालवायचं साधन तेवढं टाकायचं होतं. कंटेनर म्हणजे एकेका प्रोग्रामचा बंद डबा. अशा एका डब्यात रक्तदात्यांचं रजिस्टर होतं. ते उघडलं की सोमारीसाठी रक्त कोणाकडे मागायचं ते कळणार होतं. सोमारी पहाटे बाळंत झाली होती आणि रक्त जाऊन आत वॉर्डात पांढरीफटक पडली होती.

पण ते मेलं साधन बसेल तर शपथ! नेटवर्क जायचं, की पुन्हा पहिल्यापासून. काळ्या पडद्यावर त्याच त्याच आज्ञा टाइप करून रिना रडकुंडीला आली. भर दुपारचे बारा वाजले. बाहेर उन्हात पान हलत नव्हतं. सोमारीचं कण्हणं तेवढं ऐकू यायचं, तेही क्षीण होत चाललेलं.

एकदाचं साधन बसलं. तिने चालू डब्यांची यादी मागितली. ती रिकामी हवी होती. तिच्यात एक नाव होतं, लटारू. तीन वर्षांपासून चालू. आणि रजिस्टरची जागा नेमकी त्यानेच अडवली होती.

कोण हा, असं तिने वॉर्डात काम करणाऱ्या मुखरूभाऊंना विचारलं. त्यांचा आवाज खाली गेला.

"रक्त देणाऱ्याले सायकलवर डबलसीट आणे तो, बाई. तीन वर्षं झाली... नाल्याच्या पुरात गेला. राहू द्या त्याले."

रिनाचं डोकं सणकलं. आत बाई मरणाला टेकलेली आणि यांचं हे! तिने डबा काढून टाकला. तो परत यादीत आला. पुन्हा काढला, पुन्हा आला. तिसऱ्यांदाही तेच. ऐन मे महिन्यात खोलीत ओल्या गाळाचा वास सुटला होता.

"मर ना एकदाचा," म्हणत तिने चौथ्यांदा कळ दाबली.

फाटकाशी काहीतरी धाडकन पडलं. पाठोपाठ दारात एक माणूस आला, पलीकडच्या गावचा धनराज. त्याचे गुडघे फुटले होते.

"सोमारीले रक्त द्याले आलो. तुमच्या माणसानं सायकलवर आणलं. वाटेत तीनदा पडला, तीनदा उठला..." त्याने मागे वळून पाहिलं. "आता फाटकापाशी पडला. उठूनच नाई राह्यला..."

रिना धावली. तापल्या धुळीत सायकल आडवी होती, मागचं चाक फिरत होतं. माणूस नव्हता. मातीत माणसाएवढी ओल होती, उन्हात आटत चाललेली.

आत यादी रिकामी झाली होती. तिने लटारूचं नाव टाकून पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. या नावाचं काही नाही, एवढंच उत्तर येत राहिलं.

चार वाजता सोमारीला रक्त चढून झालं. तेव्हाही बाहेर ते चाक फिरतच होतं.